हवा ओढणारी पेटी

जुनं वाद्य दुरुस्त करायचं म्हटलं की आमच्या पिढीला गिटार आठवते. गंजलेल्या तारा, वाकलेला दांडा, तुटलेली वायर. पण डोंबिवली-कल्याणच्या एखाद्या जुन्या घरात आणखी एक वाद्य धूळ खात असतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते टेबलच वाटतं. वर टीव्ही, शेजारी फुलदाणी. झाकण उघडलं की पाच सप्तकांच्या पट्ट्या दिसतात आणि खाली दोन पेडल. हा आपल्या संगीत नाटकांचा ऑर्गन.

डोंबिवलीत माझ्या एका मित्राच्या आजोबांचा ऑर्गन असाच उजेडात आला. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार होती आणि महिन्याभरात घर रिकामं करायचं होतं. भाड्याच्या वन बीएचकेत एवढं धूड ठेवणार कुठे? भंगारवाला येऊन बघून गेला. त्याला फक्त आतल्या पितळेत रस होता. आजी "विका" म्हणाली नाही, "ठेवा"ही म्हणाली नाही. निर्णय घ्यायचा तर ही वस्तू मुळात काय आहे ते आधी कळायला हवं, म्हणून मी वाचायला बसलो.

तर मंडळी, पेटी आणि ऑर्गन ही चुलत भावंडं. दोघांत पितळेच्या पातळ जिभा असतात, त्यांना आपण सूर म्हणतो. हवा गेली की त्या थरथरतात. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. हार्मोनियमचा भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकन ऑर्गनमध्ये हे उलटं झालं. तिथे पेडल मारलं की भाता आतली हवा उपसून टाकतो, पोकळी तयार होते, आणि बाहेरची हवा सुरांमधून आत ओढली जाते. ढकलण्याऐवजी ओढणं, एवढाच फरक! पण त्यामुळे आवाज मऊ आणि गोल होतो. बोस्टनची मेसन अँड हॅम्लिन कंपनी १८५४ ची. व्हरमाँटमधल्या एस्टी कंपनीने तर असे पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले. तिकडे ते चर्चमध्ये आणि दिवाणखान्यात वाजायचे. मग पियानो स्वस्त झाला, ग्रामोफोन आला, रेडिओ आला आणि ऑर्गन अडगळीत गेला. १९६० मध्ये एस्टीही बंद पडली.

म्हणजे ज्यांनी हे वाद्य बनवलं त्यांनी ते टाकून दिलं. दुसरा जन्म मिळाला तो मराठी रंगभूमीवर.

का, ते सोपं आहे. तेव्हा माइक नव्हते. नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा आणि साथीलाही तेवढाच भरदार, न तुटणारा सूर लागायचा. हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो. ऑर्गनमध्ये ते काम पाय करतात आणि दोन्ही हात मोकळे राहतात. १९१३ मध्ये सुरू झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या मागे कोण होतं बघा: तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. ठाण्यात ज्यांच्या नावाचं रंगायतन १९७८ पासून उभं आहे त्या राम गणेश गडकऱ्यांचा 'एकच प्याला' याच मंडळीने रंगभूमीवर आणला, १९१९ मध्ये, गडकरी गेल्यानंतर. त्याच काळात शुद्ध संगीतवाले पेटीवर चिडलेले होते. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, अशी तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत उठली नाही. रंगभूमीने मात्र हे सूर सोडले नाहीत. 'मत्स्यगंधा' (१९६४) आणि 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) यांनी संगीत नाटकाला पुन्हा गर्दी मिळवून दिली, आणि ऑर्गनला आणखी काही वर्षं कामाला लावलं. पुढे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला. तो एका माणसाला काखेत मारून लोकलने नेता येतो. ऑर्गनला टेम्पो लागतो. असो.

एवढं वाचल्यावर भंगाराचा विषय संपला. कल्याणच्या एका वयस्कर कारागिराकडे ऑर्गन टेम्पोतून गेला. त्यांनी मागची फळी काढली आणि आत उंदराचं घरटं निघालं :) त्यांच्याकडे बसून मला कळलं ते असं. ऑर्गनमध्ये दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक मरणाऱ्या: भात्याचं रबरी कापड, चामडं, फेल्ट, पेडलचे पट्टे. कोकणपट्टीची दमट हवा आणि उंदीर यांच्यापुढे त्या टिकत नाहीत. त्या बिनधास्त बदलायच्या. दुसऱ्या न मरणाऱ्या: पितळेचे सूर आणि लाकडी सांगाडा. एखादा सूर मुका असेल तर बहुतेक वेळा जिभेत धुळीचा कण अडकलेला असतो. आकड्याने सूर बाहेर ओढायचा, ब्रशने साफ करायचा, परत बसवायचा. एखादी पट्टी न दाबताच वाजत राहिली तर खालची झडप नीट बसत नाही असं समजायचं.

खरा प्रश्न शेवटी आला. आख्खा ऑर्गन आजच्या कीबोर्डपेक्षा थोडा चढा होता. सगळे सूर उतरवून कीबोर्डशी जुळवायचे का? सूर टोकाशी खरवडला की चढतो, मुळाशी खरवडला की उतरतो. पण खरवडलेलं पितळ परत येत नाही. माझा कल जुळवण्याकडे होता, प्रोग्रॅमरला सगळं स्टँडर्डप्रमाणे लागतं ना! कारागीर म्हणाले, "तबला ऑर्गनला लावतात, ऑर्गन तबल्याला नाही." आपापसात बिघडलेले सातच सूर त्यांनी लावले, बाकीच्यांना हातही लावला नाही.

मला वाटतं, या वाद्याचा इतिहास त्या एका वाक्यात आहे. भाता दर काही दशकांनी नवा होतो, माणसं बदलतात, गाव बदलतं. जिभा त्याच राहतात. नाटकवाल्यांनी हेच केलं: परदेशातून सुटे भाग यायचे थांबले तरी मिळेल ते कापड, मिळेल ते चामडं लावून श्वास चालू ठेवला. आता कोकणात नवे ऑर्गनही बनले आहेत, त्यामुळे काम जाणणारे हात अजून आहेत.

मित्राचा ऑर्गन सध्या बदलापूरला त्याच्या मावशीकडे आहे. आजी तिथे गेली की पेडल मारते. वाजवता येत नाही, पण "हवा धरतोय की नाही" ते बघते म्हणे.

तुमच्या घरी असं टेबल असेल तर एवढंच करा. पॉलिश करू नका, सूर उपटू नका, शोभेसाठी आतला भाग काढून बार कॅबिनेट तर अजिबात बनवू नका. टीव्ही उतरवा आणि झाकण उघडून बघा.