डॉन स्टेली : खेळाडू म्हणून हुकलेले विजेतेपद, प्रशिक्षक म्हणून तीनदा

अमेरिकेतील महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये उत्तम खेळाडू अनेक झाल्या आणि नामांकित प्रशिक्षकही झाले. दोन्ही भूमिकांत सर्वोच्च स्थानी पोहोचलेल्यांची संख्या मात्र फारच थोडी आहे. डॉन स्टेली यांचे नाव त्यांत अग्रभागी घ्यावे लागते. वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू आणि सर्वोत्तम प्रशिक्षक असे दोन्ही नायस्मिथ पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्याच व्यक्ती ठरल्या. विद्यार्थिदशेत चार वर्षे प्रयत्न करूनही राष्ट्रीय विजेतेपदाने त्यांना हुलकावणी दिली होती. पुढे प्रशिक्षक या नात्याने त्यांनी ते तीन वेळा मिळवले.

स्टेली यांचा जन्म ४ मे १९७० रोजी फिलाडेल्फिया शहरात झाला. शहराच्या उत्तर भागातील रेमंड रोझेन या गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी वसाहतीत त्या वाढल्या. पाच भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. वसाहतीतील मैदानावर मुलांच्या बरोबरीने खेळतच त्यांचा खेळ घडला. उंची अवघी साडेपाच फुटांची. त्यामुळे चेंडूवरील ताबा, वेग आणि अचूक पास हीच त्यांची शस्त्रे बनली. संघाच्या चढाईची सूत्रे ज्या खेळाडूच्या हाती असतात, ती पॉइंट गार्डची जागा त्यांनी आपलीशी केली. १९८८ मध्ये शालेय स्तरावरील देशातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली.

व्हर्जिनियातील चार वर्षे

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचा पसारा आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धांहून कितीतरी मोठा आहे. खेळाडूंना शिष्यवृत्ती मिळते, सामन्यांना हजारो प्रेक्षक येतात आणि दूरचित्रवाणीवर त्यांचे थेट प्रक्षेपण होते. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा १९७२ मध्ये झाला आणि तेथील महिलांच्या खेळांना बळ मिळाले. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची (एनसीएए) महिलांची बास्केटबॉल स्पर्धा मात्र १९८२ मध्ये सुरू झाली. स्टेली व्हर्जिनिया विद्यापीठात दाखल झाल्या, तेव्हा ही स्पर्धा जेमतेम सहा-सात वर्षांची होती.

प्रशिक्षक डेबी रायन यांच्या मार्गदर्शनाखाली व्हर्जिनियाचा संघ १९९०, १९९१ आणि १९९२ असा सलग तीन वर्षे अखेरच्या चार संघांत पोहोचला. १९९१ मध्ये विजेतेपद अगदी दृष्टिपथात आले होते. पॅट समिट यांच्या टेनेसी संघाविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेपर्यंत लांबला आणि व्हर्जिनियाने तो ६७-७० असा गमावला. स्टेली यांनी त्या लढतीत २८ गुण नोंदवले. पराभूत संघात असूनही अंतिम टप्प्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यांनाच देण्यात आला. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत स्टॅनफर्डकडून अवघ्या एका गुणाने हार पत्करावी लागली आणि त्यांची महाविद्यालयीन कारकीर्द विजेतेपदाविनाच संपली.

मायदेशी लीगच नव्हती

पदवी मिळाली, पण खेळायचे कोठे, हा प्रश्न होता. १९९२ मध्ये अमेरिकेत महिलांसाठी व्यावसायिक लीग अस्तित्वात नव्हती आणि त्या वर्षीच्या ऑलिंपिक संघातही त्यांना स्थान मिळाले नाही. त्या पिढीतील इतर अनेक खेळाडूंप्रमाणे स्टेली यांनाही परदेशी क्लबांची वाट धरावी लागली. फ्रान्स, इटली, स्पेन आणि ब्राझील येथे त्या खेळल्या. अटलांटा ऑलिंपिकमधील सुवर्णपदकानंतर, १९९६ मध्ये ‘अमेरिकन बास्केटबॉल लीग’ सुरू झाली, पण १९९८ च्या अखेरीस ती बंद पडली. त्यानंतर १९९९ पासून त्या डब्ल्यूएनबीएमध्ये शार्लट स्टिंगकडून आणि शेवटी ह्यूस्टन कॉमेट्सकडून खेळल्या. सिडनी (२०००) आणि अथेन्स (२००४) येथेही त्यांनी सुवर्णपदक मिळवले. अथेन्सच्या उद्‌घाटन सोहळ्यात अमेरिकेचा ध्वज त्यांच्याच हाती होता.

ध्वज घेऊन चालणारी ही खेळाडू त्या वेळी एका विद्यापीठाची मुख्य प्रशिक्षकही होती. फिलाडेल्फियातील टेंपल विद्यापीठाने २००० मध्ये त्यांच्याकडे महिला संघाची धुरा सोपवली होती. प्रशिक्षक होण्याची आपली मुळीच इच्छा नव्हती, असे त्यांनी पुढे वारंवार सांगितले आहे. परंतु डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यात आणि महाविद्यालयीन हंगाम हिवाळ्यात असल्याने दोन्ही जबाबदाऱ्या पेलणे शक्य होते. २००६ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ही कसरत केली. टेंपलमधील आठ हंगामांत संघाने १७२ सामने जिंकले आणि सहा वेळा राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळवला.

दक्षिण कॅरोलायनातील उभारणी

२००८ मध्ये स्टेली दक्षिण कॅरोलायना विद्यापीठात आल्या. त्यांची आई मूळची याच राज्यातील. सुरुवात खडतर होती. पहिल्या हंगामात १० विजय आणि १८ पराभव अशी संघाची कामगिरी झाली. राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडण्यास २०१२ साल उजाडावे लागले. २०१४ मध्ये त्याच परिसरातील हॉपकिन्स गावची आजा विल्सन संघात आली. देशभरातील विद्यापीठे जिच्यासाठी प्रयत्नशील होती, त्या मुलीने घराजवळचे विद्यापीठ निवडले. २०१७ मध्ये मिसिसिपी स्टेटला ६७-५५ असे नमवून संघाने पहिले राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. विल्सन पुढे चार वेळा डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

२०२२ मध्ये अलिया बॉस्टनच्या संघाने अंतिम सामन्यात कनेटिकटला ६४-४९ असे हरवले. तोपर्यंत कनेटिकटने खेळलेले अकराही अंतिम सामने जिंकले होते. २०२३ मध्ये सलग ३६ विजयांनंतर आयोवाने उपांत्य फेरीत संघाला रोखले आणि त्या संघातील पाचही प्रमुख खेळाडू बाहेर पडल्या. नव्याने बांधलेल्या संघाने पुढच्याच हंगामात ३८ पैकी ३८ सामने जिंकले. केटलिन क्लार्कच्या आयोवावर ८७-७५ अशी मात केलेला २०२४ चा अंतिम सामना अमेरिकेत एक कोटी ८० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. महिलांच्या अंतिम सामन्याला पुरुषांच्या अंतिम सामन्याहून अधिक प्रेक्षक लाभण्याची ती पहिलीच वेळ होती. २०२५ च्या अंतिम फेरीत मात्र कनेटिकटने ८२-५९ असा मोठा विजय मिळवून मागील पराभवाची परतफेड केली.

जाळीचा तुकडा

स्टेली यांच्या यशाला आणखी एक संदर्भ आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतील महिलांच्या महाविद्यालयीन संघांपैकी, सर्व खेळ मिळून, ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक महिला होत्या. कायद्यामुळे या खेळांत पैसा आणि प्रतिष्ठा आली, तसे पुरुष या पदांकडे वळले. २००० नंतरच्या दशकात महिला प्रशिक्षकांचे प्रमाण निम्म्याच्याही खाली होते. बास्केटबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या संख्येने असूनही कृष्णवर्णीय महिलांना मुख्य प्रशिक्षकपद अभावानेच मिळत असे. राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षक पर्ड्यू विद्यापीठाच्या कॅरोलिन पेक (१९९९). दुसऱ्या स्टेली, तब्बल १८ वर्षांनी.

विजेत्या संघाने बास्केटची जाळी कापून तिचे तुकडे आठवण म्हणून ठेवण्याची तेथे प्रथा आहे. पेक यांनी आपल्या जाळीचा तुकडा २०१५ मध्ये स्टेली यांना दिला होता. स्वतः जिंकाल तेव्हा परत करा, या बोलीवर. स्टेली यांनी तो परत केला आणि आपल्या जाळीचे तुकडे देशभरातील कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षकांना पाठवले.

मानधनाबाबतही त्यांनी आग्रह सोडला नाही. पुरुष संघाच्या प्रशिक्षकांच्या बरोबरीने मोबदला हवा, ही भूमिका घेऊन २०२१ मध्ये त्यांनी सात वर्षांसाठी दोन कोटी २४ लाख डॉलरचा करार मिळवला. जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या नव्या करारात वार्षिक रक्कम सुमारे ४० लाख डॉलरवर गेली. त्याआधी टोकियोत, २०२१ मध्ये, अमेरिकेच्या महिला संघाने स्टेली यांच्या मार्गदर्शनाखाली ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले होते. ज्या खेळाडूला पदवीनंतर खेळण्यासाठी देश सोडावा लागला, तिचे विद्यार्थिनी संघ आज पदवी मिळताच मायदेशातील लीगमध्ये खेळाडू पाठवत आहेत.