मधला दिवस : हिमक्रीडेच्या सुट्टीकडे जाणाऱ्या कुटुंबाच्या प्रवासाचा इतिहास

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराने एका गोष्टीकडे बहुधा पाठच फिरवलेली दिसते. ती गोष्ट म्हणजे घर सोडणे आणि इष्टस्थळी पोहोचणे यांच्यामधला दिवस. विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'मध्ये वाट हाच ग्रंथाचा देह आहे. वरसईहून १८५७ साली उत्तरेकडे निघालेल्या त्या भिक्षुकाच्या वाटेतील मुक्काम, नद्या आणि धामधूम वगळली, तर हाती काही उरणार नाही. जेट विमानाच्या युगातील प्रवासवर्णनात मात्र ही वाट 'सकाळी निघालो, रात्री पोहोचलो' अशा एखाद्या वाक्यात आटोपते. लेखकाला घाई असते ती पोहोचण्याची, आणि वाचकालाही. आमच्या मते या आटोपलेल्या वाक्यात बराच इतिहास दडपला गेला आहे. प्रस्तुत लेखात त्यातील थोडा उलगडून पाहण्याचा विचार आहे.

उदाहरणासाठी आम्ही एक अगदी सामान्य दिवस निवडला आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सुस्थितीतले एक कुटुंब, आई, वडील आणि दोन मुले, हिवाळ्याच्या सुट्टीत कोलोरॅडोतील व्हेल येथे स्कीइंगसाठी निघते. पहाटे चारला घरातले दिवे लागतात. झोपेतल्या मुलांना जाड कपडे चढवले जातात. विमानतळ, रांगा, तपासणी, पहिले विमान, मधल्या विमानतळावरील ताटकळणे, दुसरे विमान, डेन्व्हर, सामानाचा फिरता पट्टा, भाड्याची मोटार आणि मग डोंगरातला सुमारे १२० मैलांचा रस्ता. मुक्कामी पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. या दिवसाला सुट्टीचा पहिला दिवस म्हणावे तर त्यात विश्रांती नाही, आणि कामाचा शेवटचा दिवस म्हणावे तर त्याचा मोबदला नाही. सुट्टीच्या छायाचित्रांतही तो सहसा सापडत नाही. असा हा बेवारस दिवस घडला तरी कसा?

आरंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हिवाळ्यात डोंगरावर चढणे ही मानवी इतिहासातील उलटी चाल आहे. आल्प्समधील गुराखी उन्हाळ्यात जनावरे घेऊन वरच्या कुरणांत जात आणि थंडीच्या आधी खाली उतरत. कोलोरॅडोच्या पर्वतांत राहणारे यूट लोकही ऋतुमानानुसार असेच वरखाली फिरत. उन्हाळ्यात उंच खोरी, हिवाळ्यात त्या मानाने उबदार सखल प्रदेश. १८८१ साली त्यांतील बहुतेकांना कोलोरॅडोतून हुसकावून यूटाकडे धाडण्यात आले. ज्या डोंगरांत पुढे सुट्टीची नगरे वसली, तेथील ऋतूनुसार चालणारा जुना प्रवास असा सक्तीने संपला होता. म्हणजे हिवाळ्यात ज्या ठिकाणाहून शहाणी माणसे खाली येत, तेथे पैसे मोजून वर जाणारा प्रवासी नव्याने घडवावा लागला. त्यासाठी प्रथम थंडीविषयीची कल्पनाच बदलावी लागली.

हा बदल झाला स्वित्झर्लंडमध्ये. योहानेस बाडरुट या सेंट मॉरित्झच्या हॉटेलमालकाने १८६४ साली आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली अशी आख्यायिका आहे : हिवाळ्यात येऊन पाहा, आवडले नाही तर खर्च माझा. आख्यायिकेचे तपशील खरे असोत वा नसोत, हिवाळा विकता येतो हे त्या सुमारास ध्यानात आले एवढे निश्चित. १८९४ च्या मार्चमध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी दोन स्थानिक भावांच्या सोबतीने दावोसहून आरोझापर्यंत स्कीवर डोंगर ओलांडला, आणि त्याच वर्षी 'स्ट्रँड' मासिकात त्याची हकिकत लिहिली. या खेळासाठी एक दिवस इंग्रज लोक शेकड्यांनी स्वित्झर्लंडला येतील असे भाकीत त्यांनी तेव्हाच करून ठेवले. शेरलॉक होम्सच्या जनकाचा हा तर्कही बरोबर ठरला. दावोसपर्यंत नॅरोगेज रेल्वे १८९० साली पोहोचलेलीच होती.

याच रेल्वेने टॉमस मान यांचा नायक दावोसला येतो. 'द मॅजिक माउंटन' (१९२४) या कादंबरीची सुरुवातच हॅम्बुर्गपासूनच्या प्रवासाने होते. तीन आठवड्यांच्या मुक्कामासाठी हा प्रवास फारच लांबचा आहे असे निवेदक बजावतो, आणि दोन दिवसांचे अंतर माणसाला त्याच्या नेहमीच्या जगापासून कसे तोडते यावर चिंतन करतो. विस्मरण घडवण्याची काळाची शक्ती अवकाशापाशीही असते, असा त्याचा आशय. पुढे याच कादंबरीतील हिमवादळाच्या प्रसिद्ध प्रकरणात नायक स्की पायांत बांधून एकटाच बाहेर पडतो आणि वाट चुकतो. आमच्या विषयाच्या दृष्टीने या दोन गोष्टी एकाच कादंबरीत असणे अर्थपूर्ण आहे. मान यांना ठाऊक होते की बर्फात हरवण्याची पूर्वतयारी आगगाडीच्या डब्यातच होत असते. दोन दिवसांत माणूस हळूहळू घर सोडतो. एका दिवसात त्याला ते जमते का, हा प्रश्न जेट विमानाने उभा केला.

अमेरिकेत मात्र क्रम उलटा लागला. तेथे बर्फाकडे जाण्यासाठी रेल्वे आली नाही. रेल्वेला प्रवासी हवे होते म्हणून बर्फाचे गाव आले. मंदीच्या काळात युनियन पॅसिफिक रेल्वेचे अध्वर्यू अॅव्हरेल हॅरिमन यांनी ऑस्ट्रियाच्या काउंट फेलिक्स शाफगोच यांना जागा शोधायला पाठवले, आणि आयडाहोमध्ये 'सन व्हॅली' वसवून १९३६ च्या डिसेंबरात ती खुली केली. खुर्च्यांचा पाळणा, ज्याला आज 'चेअरलिफ्ट' म्हणतात, तो तेथेच प्रथम फिरला. त्याचा आराखडा करणारे जेम्स करन हे रेल्वेचे अभियंते. जहाजांवर केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रणेवरून त्यांना ही कल्पना सुचली. केळ्यांच्या जागी माणसे लटकवण्याची ही युक्ती विनोदी वाटेल, पण सुट्टीवर निघालेला माणूस हा वाहून न्यायचा माल आहे, हे त्या यंत्राने किती सहज मान्य केले! विमानतळावरची आजची व्यवस्था त्याच तर्काची पुढची पायरी आहे.

व्हेलची कथा युद्धातून निघते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने पर्वतयुद्धासाठी दहावी माउंटन डिव्हिजन उभारली. तिचे प्रशिक्षण कोलोरॅडोतील कॅम्प हेल येथे झाले. १९४५ साली इटलीत रीव्हा रिजच्या कड्यावर ती लढली. या तुकडीतील पीट सायबर्ट इटलीत गंभीर जखमी झाले होते. त्यांनीच पुढे अर्ल ईटन यांच्यासह व्हेल उभारले आणि १५ डिसेंबर १९६२ रोजी ते खुले झाले. तेथील एका उतारवाटेला 'रीव्हा रिज' हे नाव देण्यात आले. आज सुट्टीतली मुले त्या उतारावरून किंचाळत खाली येतात. त्या नावात किती तरुणांचे मरण साठले आहे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. स्थलनामे ही बहुधा अशीच असतात : स्मृती जपतात आणि त्याच वेळी तिला मुकी करतात.

व्हेल खुले झाले तेव्हा न्यूयॉर्क ते पॅरिस अशी पॅनॲमची बोइंग ७०७ विमाने सुरू होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती (२६ ऑक्टोबर १९५८). पण डेन्व्हरला उतरल्यावर सुमारे १२,००० फूट उंचीची लव्हलँड खिंड ओलांडावी लागे. १९७३ साली आयझेनहॉवर बोगद्याची पहिली नळी वाहतुकीला खुली झाली आणि ही अडचण पुष्कळशी दूर झाली. विमान, महामार्ग आणि बोगदा या तिघांच्या जुळणीतून एका दिवसाचा प्रवास शक्य झाला. त्यांतील एकही कडी निसर्गदत्त नव्हती.

तिकिटाचा इतिहासही येथे पाहिला पाहिजे. विमान हे आरंभी व्यापारी पुरुषाचे वाहन होते. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन विमानकंपन्यांनी आठवड्यातील रिकाम्या दिवशी पत्नी व मुलांना सवलत देणारी कौटुंबिक भाडी सुरू केली. कुटुंब विमानात चढले ते अशा रिकाम्या खुर्च्या भरण्यासाठी! १९५२ साली अटलांटिकवर पर्यटक वर्ग आला. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठवणारा कायदा झाला, भाडी उतरली, आणि कंपन्यांनी आपली उड्डाणे मोजक्या मध्यवर्ती विमानतळांभोवती गुंफली. परिणाम विचित्र झाला. विमाने वेगवान, तिकिटे स्वस्त, पण अनेकांचा दिवस लांबला. कारण सरळ जाण्याऐवजी मध्ये कुठेतरी उतरून दुसऱ्या विमानाची वाट पाहणे हा स्वस्ताईचा भाग झाला. पैशात वाचलेले वेळात फेडावे लागते, आणि ही फेड लहान मुलांना सोबत घेऊन करावी लागते.

हा दिवस लांब असण्याचे आणखी एक अक्षरशः खरे कारण आहे. पूर्व किनाऱ्याहून कोलोरॅडोला जाताना घड्याळ दोन तास मागे जाते. तो दिवस चोवीस नव्हे, सव्वीस तासांचा असतो. हे कालविभागही रेल्वेचेच अपत्य. अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी ते अमलात आणले. घड्याळ सहज मागे सरकवता येते, शरीर मात्र तसे सरकत नाही. समुद्रसपाटीजवळ उठलेले मूल रात्री आठ हजार फुटांवर झोपते. डोके दुखते, झोप लागत नाही. मान यांच्या नायकालाही दावोसला पोहोचल्यावर चेहऱ्याची आग होते आणि त्याची लाडकी सिगार बेचव लागते. उंचीच्या बाबतीत रेल्वे आणि विमान यांत फरक आहे तो मात्रेचा. हिशेब शेवटी शरीरच चुकते करते.

आता ओझ्याकडे वळू. स्कीइंग हा विलक्षण जड छंद आहे. स्की, बूट, शिरस्त्राणे, हातमोजे, आणि हे सारे प्रत्येकाचे वेगळे. सूटकेसला चाके लावण्याचे अमेरिकन पेटंट बर्नार्ड सॅडो यांना १९७२ साली मिळाले. १९७० साली ते कुटुंबासह अरुबाहून सुट्टी संपवून परतत होते. दोन जड बॅगा ओढताना त्यांना एक कामगार चाकांच्या फळीवरून अवजड यंत्र सहज नेताना दिसला, आणि कल्पना सुचली. दुकानदारांनी प्रथम ती नाकारली. पुरुषाने बॅग उचलायची असते, ओढायची नसते, हा समज आड आला असे सॅडो पुढे सांगत. उभी ओढायची, दांड्याची बॅग १९८७ साली रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने केली. म्हणजे माणूस चंद्रावर आधी उतरला आणि सूटकेसला चाके नंतर लागली. पण चाकांनी हलके केले ते दिसणारे ओझे. कोणाचे मोजे कोणत्या बॅगेत आहेत, कोणाला विमान लागते, कागदपत्रे कुठल्या कप्प्यात आहेत, ही अदृश्य यादी कोणाच्या डोक्यात असते? बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर आईच देईल. तिच्या सुट्टीला त्या दिवशी आरंभ होत नाही, तिचे घरकाम फक्त स्थलांतर करते.

११ सप्टेंबर २००१ नंतर या यादीत संशयाची भर पडली. २००६ च्या ऑगस्टमध्ये द्रवपदार्थांवर निर्बंध आले. अमेरिकेत सर्वसाधारणपणे बूट काढण्याची सक्ती २००६ पासून २०२५ च्या जुलैपर्यंत टिकली. म्हणजे एक संपूर्ण पिढी अशी वाढली की तिच्या लेखी सुट्टीला जाणे म्हणजे आधी अनवाणी उभे राहून आपण निरुपद्रवी असल्याचे सिद्ध करणे. देवळाबाहेर चपला काढण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना या दृश्यातील विपरीतपणा वेगळ्याने जाणवावा : तेथे पादत्राणे उतरत ती श्रद्धेपोटी नव्हे, भयापोटी.

आणि शेवटी तो डोंगरातला रस्ता. लेडव्हिल हे दहा हजार फुटांवरील जुने खाणगाव. ऐंशीच्या दशकात जवळची क्लायमॅक्स ही मॉलिब्डेनमची खाण बंद पडली तेव्हा तेथील अनेकांना सुट्टीच्या गावांत नोकऱ्या शोधाव्या लागल्या. खोल्या आवरणारे, भांडी घासणारे, बर्फ उपसणारे हात तेथून सुमारे चाळीस मैलांवरच्या व्हेलला येऊ लागले. पुढे त्यांत मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांची मोठी भर पडली. मुक्कामी पोहोचलेल्या कुटुंबाला पांघरुणे घडी करून ठेवलेली मिळतात. ती घालणारी बाई त्या वेळी अंधारात, घसरड्या रस्त्याने, वरच्या गावाकडे परतत असते. एकाचा वर्षातून एकदा होणारा लांब दिवस आणि दुसरीचा रोजचा लांब दिवस एकमेकांना ओलांडून जातात. प्रवासवर्णनात पहिल्यालाच जागा नाही, मग दुसरीला कोठून मिळणार?

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या मधल्या दिवसाकडे पाहावे असे आम्हांस वाटते ते याचसाठी. स्थळाचे वर्णन लेखकाला आपली रसिकता दाखवू देते, तर वाटेचे वर्णन त्याचे अवलंबित्व उघड करते. कोणी दिलेल्या सवलतीवर, कोणी खणलेल्या बोगद्यावर, कोणाच्या रात्रपाळीवर आपला आनंद उभा आहे, हे वाटेतच कळते. आज तर या हिशेबात बर्फही धरावा लागेल. ज्या इंधनावर हे कुटुंब हिमाकडे उडते, त्याच्या धुराचा वाटा हिम विरघळवणाऱ्या उष्णतेत आहे, आणि अनेक उतारांवर आता यंत्राने पाडलेला बर्फ अंथरावा लागतो. गोडशांनी वाट लिहिली, कारण ती पायांनी चालावी लागली. आपली वाट आपल्या वतीने इतर अनेकजण चालतात. म्हणून ती लिहिण्याची जबाबदारी आपल्यावर कमी नव्हे, अधिकच येते.