पडद्यामागचा रंगमंच

रीगल चौराहा, मधुमिलन चौराहा, सपना-संगीता मार्ग ही नावे आपण पलासियावासी नित्य उच्चारतो. ती चित्रपटगृहांवरून पडली, हे मात्र क्वचितच स्मरते. मुंबईत गिरगावानजीकच्या एका वस्तीलाही असेच ‘ऑपेरा हाऊस’ हे नाव मिळाले. ज्या वास्तूमुळे ते मिळाले, तिचा इतिहास आपल्या शहरासही उद्बोधक ठरावा.

मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी 1908 मध्ये या नाट्यगृहाची कल्पना मांडली. बांधकाम अपुरे असतानाच 1911 मध्ये बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. युरोपीय संगीतिकांसाठी उभारलेल्या या रंगमंचावर पुढे बालगंधर्व व दीनानाथ मंगेशकर यांच्यासारखे मराठी रंगभूमीचे मानकरी उभे राहिले. बोलपटांचे युग आले आणि 1935 मध्ये नाट्यगृहाचे चित्रपटगृह झाले. आसने वाढविण्यासाठी शाही सज्जे काढले गेले. तथापि रंगमंच शाबूत राहिला. म्हणूनच पुढील दशकात पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सचे प्रयोगही तेथे होऊ शकले.

1952 मध्ये गोंडलच्या महाराजांनी ही वास्तू विकत घेतली. कालांतराने घरोघरी दूरदर्शन संच व व्हिडिओ आले, प्रेक्षक ओसरले आणि 1993 मध्ये चित्रपटगृह बंद पडले. पुढील 23 वर्षे दारे मिटलेलीच होती. 2012 मध्ये जागतिक स्मारक निधीने तिचा समावेश संकटग्रस्त वारसास्थळांच्या सूचीत केला. गोंडल घराण्याने वास्तू न विकता वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडून तिचा जीर्णोद्धार करविला. नाहीसे झालेले सज्जे पुन्हा उभारले गेले. ऑक्टोबर 2016 मध्ये दारे उघडली आणि तेथे संगीत, नाटक व चित्रपट एकत्र नांदू लागले. 2017 मध्ये युनेस्कोनेही या कार्याचा गौरव केला.

पुण्यातील ‘आर्यन’ चित्रपटगृहाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. गंगाधरपंत पाठक यांनी 1915 मध्ये मंडईनजीक ते सुरू केले होते. आज त्या जागेवर वाहनतळ आहे.

वास्तूचा उपयोग काळाप्रमाणे पालटणारच. त्यात खेद करण्याजोगे काही नाही. नाटकाची जागा चित्रपटाने घेतली, उद्या त्याची जागा आणखी कशाने तरी घेतली जाईल. नवा उपयोग जुन्या उपयोगाची वाट कायमची बुजवितो की मोकळी ठेवतो, यावर सारे अवलंबून असते. मुंबईत पडद्यामागे रंगमंच उरला होता, म्हणून नाटकाला तेथे परतता आले. जीर्णोद्धाराला मालकाचा धीर व पैसा लागतो हे खरे. परंतु मुळात परतण्याजोगे काही उरावे लागते. आपल्या शहरातील एखादे जुने चित्रपटगृह बंद पडेल, तेव्हा जागेच्या किमतीबरोबरच त्या सभागृहात आणखी काय होऊ शकेल, हाही विचार नागरिकांनी वेळीच करावा. अन्यथा चौराह्याला नाव तेवढे उरेल.