सारब्रुकेन कोणत्या देशाचा क्लब?

युरोपियन कपचा पहिला हंगाम, १९५५-५६. संघ १६. तक्ता करायला बसलात की ‘देश’ या रकान्यात एका नावापाशी अडायला होतं: सारब्रुकेन. आजचा नकाशा बघून आपण सरळ ‘जर्मनी’ लिहून टाकतो. पण पश्चिम जर्मनीतर्फे त्या वर्षी रॉट-वाइस एसेन खेळत होता! सारब्रुकेन उतरला होता तो सारलँडतर्फे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या देखरेखीखाली वेगळा काढलेला हा प्रदेश. त्याची स्वतःची फुटबॉल संघटनासुद्धा होती.

आता तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा. २३ ऑक्टोबर १९५५ ला सारलँडच्या मतदारांनी वेगळ्या ‘युरोपीय’ दर्जाचा प्रस्ताव सुमारे ६८ टक्के मतांनी फेटाळला. १ नोव्हेंबरला सारब्रुकेनने मिलानला त्यांच्याच मैदानावर ४-३ असं हरवलं. (परतीच्या सामन्यात १-४ असा मार खाल्ला, ते सोडा.) म्हणजे ज्या प्रदेशाच्या नावावर हा विजय नोंदला गेला, तिथले लोक वेगळं राहायला नुकतेच नाही म्हणून बसले होते. नुसत्या निकालांच्या यादीत यातलं काही दिसत नाही.

म्हणून रकान्यात मी ‘सारलँड’ लिहिते आणि शेजारी सामन्याची तारीख. सारलँड पश्चिम जर्मनीत गेलं १ जानेवारी १९५७ ला. तोवर स्पर्धेचा दुसरा हंगाम सुरू झाला होता आणि त्यात सारलँडचा संघ नव्हता.