कासाराची ठेव

ज्युबिलीच्या वर्षी मनुष्याची दृष्टी सहजच मागे वळते. धर्मग्रामाचा वृत्तांत ह्या स्मरणिकेत इतरत्र आलाच आहे. म्हणून वाचकांची अनुज्ञा घेऊन प्रस्तुत लेखकाने थोडा निराळा विषय हाती घेतला आहे. तो विषय आपल्या मुलखातील कलाकुसरीचा, तिने किती घरे पोसली ह्याचा, आणि ती करणाऱ्यांना समाजाने काय मान दिला ह्याचा.

शिरूर नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठचे शिरूर, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ, आणि बीड जिल्ह्यात सिंदफणेच्या तीरावरील आपले शिरूर कासार. १९९९ साली हे तालुक्याचे ठाणे झाले, तेव्हापासून हे नाव सरकारी कागदावर रोज लिहिले जाते. परंतु लिहिणाऱ्याच्या मनात कासार ह्या शब्दाचा अर्थ क्वचितच येत असेल. संस्कृतातील कांस्यकार म्हणजे काशाची भांडी करणारा. त्याचेच घासून घासून कासार झाले. तांब्यात कथील मिसळले म्हणजे कासे होते, जस्त मिसळले म्हणजे पितळ. घरातील घागर, हंडा, परात, तळपाय चोळावयाची काशाची वाटी आणि देवघरातील घंटा ही सारी ह्याच हातांची कृती. पुढे कासारांपैकी काहींनी बांगड्यांचा व्यवसाय धरला, आणि कासार म्हटले की लग्नघरी चुडा भरावयास येणारा गृहस्थच अनेकांच्या डोळ्यांपुढे उभा राहू लागला.

कलाकुसर म्हणजे पोट भरल्यानंतरची चैन, असा एक समज सुशिक्षितांतही रूढ आहे. तो समज किती निराधार आहे हे पाहावयाचे असेल तर ग्रंथांपेक्षा दगडांना विचारावे. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांत, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो त्यांत, उषवदात नावाच्या एका श्रीमंत दात्याचा लेख आहे. हा उषवदात क्षहरात क्षत्रप नहपान ह्याचा जावई. काल इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा प्रारंभ. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेविली. ती कोठे ठेविली म्हणाल? राजाच्या खजिन्यात नव्हे, सावकाराच्या पेढीतही नव्हे. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींपाशी ठेविली. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातील कारागिरांची संघटना. एका श्रेणीपाशी २००० कार्षापण, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीपाशी १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. हिशेब करून पाहावा. २००० चे व्याज दरमहा २०, म्हणजे वर्षास २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते, ते बरोबर २४० होतात. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट आहे.

वाचकहो, ह्या हिशेबाचा अर्थ नीट मनात घ्यावा. माग चालविणारे लोक त्या काळी परक्याचा पैसा सांभाळण्यास आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचे व्याज चुकते करण्यास योग्य समजले जात होते. राजे येतील आणि जातील, पण कापड विणले जाईल व विकले जाईल, असा दात्याचा विश्वास होता. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांतही अशा ठेवींचे उल्लेख आहेत. तेथे बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, आणि प्रस्तुत लेखकास जे वाचून विशेष आनंद झाला ते हे की, तेथे ‘कासाकार’ ह्यांचीही श्रेणी आहे. हेच आपल्या गावाच्या नावातील कासार. त्यांच्या भट्टीचा धूर त्या काळी पेढीच्या पाटीचे काम करीत होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ह्या विश्वासाच्या मागे व्यापार होता. ज्या गोदावरीस आपली सिंदफणा जाऊन मिळते, तिच्याच काठी पैठण आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ग्रंथात पैठण आणि तगर ह्या दोन मोठ्या पेठांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. पैठणाहून रंगीत पाषाण आणि तगराहून नाना जातींचे कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरास जाई, असे तो सांगतो. कोरीव कामाचा पुरावा तर ह्याहून चमत्कारिक आहे. इटलीतील पाँपेई नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले. १९३८ साली तेथील एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे निघाली आणि तेर येथेही निघाली. ज्या रोमी साम्राज्यात संत पेत्र व संत पौल ह्यांनी रक्त सांडले, त्याच साम्राज्याच्या एका घरात त्याच शतकात दक्षिणेच्या कारागिराने कोरलेल्या बाहुलीसारखी बाहुली असावी, ह्याचे आश्चर्य वाटल्याखेरीज राहत नाही.

आता पैठणचेच उदाहरण घेऊन कलेचा पैसा कोणत्या वाटेने फिरतो ते पाहू. कारण येथे तपशिलाला महत्त्व आहे. पैठणी हे एका मनुष्याचे काम आहे असे आपण समजतो, पण मागावर बसणारा विणकर हा मोठ्या साखळीची केवळ शेवटची कडी होय. प्रथम कच्चे रेशीम आणणारा व्यापारी. मग ते निवडून रहाटावर घेणाऱ्या बायका. हे काम बहुधा विणकराच्याच घरात होई व त्याची मजुरी निराळी कोणी मांडीत नसे. मग उकळून रेशमाचा डिंक काढणारा आणि रंग देणारा रंगारी. जरीची परंपरा तर स्वतंत्रच. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवावयाचा, ती पोलादी पाटीच्या अधिकाधिक बारीक छिद्रांतून ओढीत केसासारखी तार करावयाची, ती तार ठोकून चपटी करावयाची आणि रेशमी धाग्यावर गुंडाळावयाची. ह्यातील प्रत्येक कामाला निराळा माणूस असे. एवढे झाल्यावर ताणा मागावर चढतो, आणि पदराचे काम सुरू होते. असावलीची वेल, कमळ, बांगडीतला मोर, राघू-मैना ह्यांचा प्रत्येक रंग निराळ्या तिल्लीवर असतो. विणकर एकेक तिल्ली हाताने ताण्यातून फिरवितो आणि शेजारच्या रंगात गुंतवितो. म्हणून खऱ्या पैठणीचा पदर उलटसुलट सारखाच दिसतो. साध्या नगाला महिना, भरगच्च पदराला कित्येक महिने, असे हे काम. म्हणजे एक लुगडे विकले गेले की रंगारी, तारकशी करणारा, रहाट फिरविणारी आणि विणकर ह्यांच्या चार-पाच चुली पेटत.

पेशव्यांच्या पत्रव्यवहारात पैठणी वस्त्रांची मागणी आढळते. पुढे निजामशाहीतील सरदार-दरकदार ह्यांचे गिऱ्हाईक मिळाले. औरंगाबादेत सुती ताण्यावर रेशमाने फुले उठविणारा हिमरू विणला जाई, तो शेरवान्यांसाठी. शेजारच्या बीदर येथे जस्त व तांबे ह्यांच्या मिश्रणाचे ओतीव भांडे करून, त्यावर चांदीची तार ठोकून, किल्ल्यातील जुन्या मातीने व नवसागराने ते काळे करण्याची बिदरी कला होती. एकूण हा सारा प्रांत कारागिरांचा.

येथे काशाविषयी एक आडगोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा तेथील चर्चांच्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून आणिल्या व देवळांना अर्पण केल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील आणि वाईजवळील मेणवलीच्या घाटावरील घंटा त्यांतल्याच. धातू तेच, चार भाग तांब्यास सुमारे एक भाग कथिलाचा. लढाई राजांची झाली. घंटा मात्र मोडून वितळविली गेली नाही, तिचा नाद ज्याच्या त्याच्या कानी गोडच लागला.

गावगाड्यात ह्या कारागिरांचे व कलावंतांचे स्थान काय होते? बलुतेदारांना खळ्यावर धान्याचा वाटा मिळे हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु अलुतेदारांची जुनी यादी पाहिली तर तीत तेली, तांबोळी, माळी ह्यांच्याबरोबर गोंधळी, भाट, घडशी व कलावंत अशी नावे येतात. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यासही गावाच्या पिकात हक्काचा वाटा आहे, असे जुने गाव मानीत होते. हे ऐकून कोणी जुन्या काळाचे गोडवे गाऊ लागेल, तर त्याने थोडे थांबावे. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ ग्रंथात ह्या वाटणीचे ओझे कुणब्यावर कसे पडे हे परखडपणे मांडले आहे. दुसरी बाजू त्याहून कडू आहे. लग्नात हलगी व सनई वाजवावयाची मांगाने, दोर वळावयाचे त्याने, आणि मांडवाच्या बाहेर उभे राहावयाचेही त्यानेच. कला त्याची, पण तिचे मोल तो ठरवू शकत नसे. पसाभर दाणे मिळत ते हात पसरून. नकार देण्याची मोकळीक नसेल तर कलेला वेठ म्हणणेच योग्य. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनांच्या कायद्यात सुधारणा करण्याचे बिल मांडले, ते ह्याच प्रकारच्या बंधनांतून महारांची सुटका व्हावी म्हणून. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांनी ही वेठ भोगली आहे, म्हणून हा विषय येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

अवनतीची कारणे थोडक्यात सांगता येतील. १८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली, आणि हळूहळू साध्या कापडाचा बाजार हातमागाच्या हातून गेला. पुढे ॲल्युमिनियम व पोलाद ह्यांनी तांब्यापितळेची भांडी माळ्यावर टाकिली. कल्हईवाल्याची आरोळीही विरळ झाली. बांगड्या फिरोजाबादेहून येऊ लागल्या, तेव्हा कासार बनविणारा न राहता विकणारा झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. प्रजेला मोकळा श्वास मिळाला. परंतु दरबारी पोषाखाबरोबर हिमरूचे गिऱ्हाईकही गेले. इष्ट घटनेचाही एखाद्या धंद्यावर असा घाव पडतो, हे इतिहासाने नमूद करून ठेवावे.

परंतु यंत्राहून खोल घाव कर्जाचा होता. रेशीम व जर ह्यांना भांडवल लागते, ते विणकरापाशी नसे. मग व्यापाऱ्याने रेशीम द्यावे, विणकराने लुगडे विणून त्यालाच द्यावे, उचल फिटेपर्यंत दुसऱ्याचे दार धरू नये, असा क्रम पडला. लुगडे व्यापाऱ्याच्या नावाने विकले जाई. विणणाऱ्याचे नाव पदरावर कोठेच नसे. उषवदाताच्या काळी ज्यांच्यापाशी लोक पैसा ठेवीत, त्यांचे वंशज मजुरीची उचल मागत फिरू लागले. आपल्या कलेच्या इतिहासातील खरी दुःखद घटना प्रस्तुत लेखकाच्या मते हीच होय.

ह्यावर उपाय निघाला तो जुन्या श्रेणीच्याच जातीचा. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. वसईच्या कॅथोलिक शेतकऱ्यांची सावकाराच्या पाशातून सुटका व्हावी म्हणून मोन्सिन्योर मोनिस ह्यांनी १९१८ साली बेसीन कॅथोलिक सहकारी पतसंस्थेचा पाया घातला. ती पुढे मोठी बँक झाली. जेथे भांडवल आपल्या हाती आले, तेथे मनुष्य ताठ उभा राहिला. पैठण येथे शासनाच्या लघुउद्योग विकास महामंडळाने पैठणीचे केंद्र चालविले, आणि तेथे मागावर बसलेल्या मुली व स्त्रिया पाहावयास मिळतात. जी पूर्वी केवळ रहाट फिरवी, ती आता पदर विणते व तिची मजुरी तिच्या नावावर मांडली जाते. हा फरक लहान नव्हे. नाशिक जिल्ह्यातील येवले तर आज पैठणीचे मोठे ठाणे आहे. २०१० साली पैठणीस भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हे नाव कोणीही कोणत्याही कापडास लावू नये असे कायद्याने ठरले. तरीही यंत्रमागावरील नक्कल पैठणी म्हणून विकली जातेच. लग्नाचा बस्ता बांधावयास जाणाऱ्या आपल्या भगिनींनी पदराची उलटी बाजू पाहावी. तेथे धागे लोंबत असतील वा कापलेले दिसतील, तर ते हातचे काम नव्हे.

आपल्यापैकी अनेकजण फेब्रुवारी महिन्यात बाळ येशूच्या यात्रेस नाशिकरोडला जातात. त्यांनी परत फिरताना एक सकाळ काढून पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढाव्या. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या भिंतीवर, उषवदाताचा तो हिशेब अद्याप आहे: विणकरांच्या एका श्रेणीपाशी २०००, दुसरीपाशी १०००. शेवटी असेही नमूद केले आहे की, हे सर्व निगमसभेत ऐकविले गेले आणि रीतीप्रमाणे दफ्तरी नोंदले गेले.