तंबूखालचं कापड नेमकं कुणासाठी?

हलका तंबू पाठीवर घेऊन डोंगरात भटकणाऱ्या मंडळींमध्ये एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे. तंबूला तळ शिवलेलाच असतो. मग त्याखाली आणखी एक कापड अंथरायचं की नाही? एक पक्ष म्हणतो, अंथरा. तळ फाटला तर रात्रभर भिजाल. दुसरा म्हणतो, शे-दोनशे ग्रॅमचं ओझं उगाच कशाला वाहायचं? हे ऐकून आपल्याला वाटतं, प्रश्न वजनाचा आहे. इतिहासात थोडं मागं गेलं की त्याच्या आधीचा एक प्रश्न दिसू लागतो. हे कापड रक्षण कुणाचं करतं? माणसाचं की तंबूचं?

सुरुवात 1823 पासून करू. त्या वर्षी ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये विरघळवलेल्या रबराचा थर देण्याचं पेटंट घेतलं. पाणी अडवणारं कापड मिळालं खरं, पण ते थंडीत कडक व्हायचं आणि उन्हात चिकट. ही खोड गंधक घालून रबर तापवण्याच्या युक्तीनं गेली. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना त्याचं पेटंट 1844 मध्ये मिळालं.

यानंतर 1861 ते 1865 चं अमेरिकन यादवी युद्ध आलं. उत्तरेकडच्या सैनिकाजवळ तंबूचा अर्धा भाग असायचा. दोघांनी आपापले अर्धे भाग बटणांनी जोडले की तंबू उभा. त्याला तळ नव्हता. खाली ओली जमीन असायची, आणि माणूस व जमीन यांच्यामध्ये रबर चढवलेलं एक कापड. तेच पावसात अंगावर घ्यायचं, आपल्याकडच्या घोंगडीसारखं. लांबच्या कूचीत सैनिक ओव्हरकोट आणि कांबळी वाटेत टाकून देत. पण या रबरी कापडाला दक्षिणेचे सैनिकही इतकं मानत, की शत्रूचं हाती लागलं तर ते सोडत नसत. इथं उत्तर सरळ आहे. कापड माणसासाठी होतं.

साधारण याच सुमारास आल्प्समध्ये एडवर्ड व्हिम्पर या तरुण गिर्यारोहकानं आपला तंबू तयार करवून घेतला. 1865 मध्ये मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा पोहोचलेल्या तुकडीचा हा नेता. त्यानं तळाचं मॅकिंटॉश कापड तंबूलाच जोडून टाकलं. वारा आत शिरेना, बर्फ शिरेना. या तंबूचं वजन दहा किलोच्या आसपास होतं, म्हणजे कापड चांगलं जाड होतं. पण एक बदल झाला, त्याकडे आपण लक्ष देऊ. अंथरूण आता तंबूचा अवयव झालं. झिजलं तर काढून दुसरं घालायची सोय गेली. तळ गेला की तंबू गेला.

पुढं नायलॉन आलं. 1938 मध्ये त्याची जाहीर घोषणा झाली. धागा जसजसा बारीक होत गेला तसतसा तंबूही हलका झाला. धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात, म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. पूर्वी 70 डेनियरचे तळ सर्रास असत. आजच्या अतिहलक्या तंबूंत 15 किंवा 20 डेनियरचे मिळतात. एवढ्या पातळ तळाला काटा, खडा, वाळलेली काटकी, सगळ्याचीच धास्ती. म्हणून त्याच्या रक्षणासाठी खाली दुसरं कापड आलं. राखणदाराला राखणदार! न्यायशास्त्रात याला अनवस्था दोष म्हणतात. एकाला आधार म्हणून दुसरा घेतला, तर दुसऱ्याला तिसरा का नको? ही साखळी कुठं तरी थांबवावी लागते, आणि कुठं थांबायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

1955 हे वर्ष या दृष्टीनं मोठं गमतीचं आहे. त्या वर्षी ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत टायव्हेकचा शोध लागला. घरांच्या भिंतींवर लावायचं हे कापड पुढं भटक्यांनी तंबूखाली अंथरायला घेतलं. आणि त्याच वर्षी एमा गेटवुड नावाच्या 67 वर्षांच्या आजीबाई अमेरिकेतली अपालाचियन पायवाट, सुमारे 3300 किलोमीटर, एकट्या चालून गेल्या. अकरा मुलांची ही आई. जवळ तंबू नव्हता. पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा होता. साखळी कुठं थांबवायची, हे त्यांनी घरूनच ठरवून टाकलं होतं.

मग आपण काय करावं? जमीन खडकाळ किंवा काटेरी असेल, तळ पातळ असेल आणि वाट पुष्कळ दिवसांची असेल, तर कापड न्यावं. तिथं तंबू वाचवणं म्हणजे माणूस वाचवणंच आहे. मऊ माती आणि एक-दोन रात्रींचा मुक्काम असेल, तर हातानं खडे-काटक्या वेचल्या तरी पुरतं. कापड नेलंच, तर ते तळापेक्षा चार बोटं लहान हवं. बाहेर डोकावलं, तर छतावरून ओघळणारं पाणी त्यावर पडतं आणि दोन थरांच्या मध्ये तळं साचतं. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथं अंथरुणानंच तंबू पाहून पाय पसरायचे आहेत.

आणि एक लक्षात ठेवू. खोलगट जागी तंबू ठोकला, तर दोन कापडंही आपल्याला कोरडं ठेवत नाहीत. जुन्या काळी लोक तंबूभोवती चर खणत. माणूस कोरडा राहायचा, पण जमिनीला जखम व्हायची, आणि पुढचा पाऊस तीच वाट धरून माती वाहून न्यायचा. आता जाणती मंडळी चर खणत नाहीत, जागा नीट निवडतात. थोडी उंच, पाणी निचरणारी जागा शोधायला दहा मिनिटं लागतात. तिचं वजन काही नसतं, आणि सकाळी आपण उठून गेल्यावर जमिनीवर आपली खूणही राहत नाही. कापड घ्यायचं की नाही, हा विचार त्यानंतरचा.