विद्याधन आणि वेगळी चूल

वडिलार्जित घर सोडून वेगळे राहू इच्छिणारा तरुण आज प्रथम भाड्याचा, अनामत रकमेचा आणि भांड्याकुंड्यांचा हिशेब मांडतो. आमच्या आजोबांच्या पिढीस त्याआधी एक निराळाच प्रश्न सोडवावा लागे. आपण मिळवितो तो पैसा आपला आहे काय? नंदुरबारच्या आमच्या जुन्या घरातील रोजमेळाच्या वह्या आम्ही एकदा चाळल्या. आजोबांचा कारकुनीचा पगार दरमहा घरखाती जमा झालेला दिसतो. वेगळ्या बिऱ्हाडासाठी त्यांनी काय शिल्लक टाकली हे शोधू गेलो, तो काहीच सापडले नाही. साठविण्याजोगे त्यांच्या हाती काही येतच नव्हते.

याचे मूळ धर्मशास्त्रात आहे असे सहसा म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. पितृधनास धक्का न लावता जे स्वतः मिळविले त्याची वाटणी भावांना द्यावी लागत नाही, असा याज्ञवल्क्याचा नियम आहे आणि विद्याधनाचा उल्लेखही तेथेच येतो. प्रश्न उरतो तो 'धक्का न लावता' या शब्दांचा. ज्याची फी एकत्र कुटुंबाने भरली त्याच्या विद्येने पितृधनास धक्का लावला की नाही? इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी या शब्दांचा पुष्कळ कीस काढला. १८६४ साली मद्रासेस एका नर्तकीच्या कमाईवरून वाद झाला, आणि कुटुंबाच्या खर्चाने शिकलेल्या कलेची प्राप्ती कुटुंबाचीच, असा दृष्टान्त तेथून पुढे वकिलांच्या हाती आला. १८८२ त मुंबई हायकोर्टाने थोडी मोकळीक दिली. केवळ प्राथमिक शिक्षण घरच्या पैशाने झाले एवढ्याने पुढची सारी मिळकत सामाईक होत नाही, असे त्या कोर्टाने ठरविले. म्हणजे जितके अधिक शिकावे तितकी कमाई स्वतःची असण्याची शक्यता कमी! १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ही विसंगती टोकास नेली. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील एका गृहस्थाचे शिक्षण कुटुंबाच्या पैशावर झाले होते, सबब त्याची प्राप्तीही सामाईक ठरली.

बरे, वाटणी मागून मोकळे व्हावे, तर मुंबई इलाख्यात तीही वाट अरुंद होती. बाप आपल्या बापाशी किंवा भावांशी एकत्र असेतोवर त्याच्या संमतीवाचून मुलास वाटणी मागता येणार नाही, असे मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने ठरविले. १८९२ च्या निवाडासंग्रहात प्रसिद्ध झालेल्या या निर्णयाशी एका न्यायमूर्तींनी असहमती नोंदविली, ते काशिनाथ त्र्यंबक तेलंग होत. भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारा हा संस्कृतज्ञ पुरुष शास्त्र जाणत नव्हता असे कोण म्हणेल? तथापि बहुमतापुढे त्यांचे मत मागे पडले.

ही कोंडी फुटली ती १९३० च्या 'हिंदू विद्यार्जित धन' कायद्याने. त्याचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात आणणारे मुकुंदराव जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. शिक्षण प्राथमिक असो वा विशेष, ते घरच्या पैशाने झाले एवढ्याच कारणावरून त्यातून मिळालेले धन सामाईक ठरणार नाही, असे या छोट्याशा कायद्याने सांगितले. नोकरदाराच्या बचतीस प्रथमच कायद्याचे कुलूप मिळाले.

आम्ही या कायद्याचे स्वागत करतो, पण निःशंक मनाने नव्हे. आजोबांच्या शाळेची फी ज्या कापसाच्या पैशातून गेली, तो कापूस त्यांच्या थोरल्या भावाने पिकविला होता. थोरल्यास चौथीनंतर शाळा सोडावी लागली. त्याच्या घामास विद्याधन म्हणणारा कायदा अद्याप कोणी केला नाही. आजोबाही कायदा झाल्यावर कित्येक वर्षे पगार घरखातीच देत राहिले. वेगळी चूल मांडली ती थोरल्यानेच एके दिवशी 'आता तुझे तू पाहा' असे सांगितल्यावर, आणि पहिली दोन पातेली घरातूनच गेली.

आमच्याच जिल्ह्याच्या उत्तरेस, अक्राणी व अक्कलकुव्याच्या डोंगरांत, वेगळे निघण्याची रीत अगदी निराळी. भिल्ल व पावरा समाजांत मुलाचे लग्न झाले की त्याने निराळे घर घालावयाचे. आईबापांजवळ बहुधा धाकटा राहतो. घर उभे राहते ते लाकूड, बांबू आणि गावकऱ्यांच्या हातांवर. पैशाची खरी तयारी लागते ती देजाची, म्हणजे वधूपित्यास द्यावयाच्या रकमेची. ती न जमल्यास सासऱ्याच्या शेतावर काही वर्षे राबून फेडण्याचीही रीत आहे. येथे वेगळे होणे म्हणजे घर मोडणे नव्हे.

सरदार सरोवराच्या प्रकल्पात या दोन तालुक्यांतील ३३ गावे बाधित ठरली, तेव्हा कुटुंब म्हणजे काय, हा प्रश्न सरकारी कागदावर आला. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब मानले. पाव हिश्शाहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबास किमान २ हेक्टर जमीन द्यावी, असेही त्यात होते. जे मिळविण्यास मैदानातल्या पदवीधरास १९३० पर्यंत थांबावे लागले त्याहूनही अधिक डोंगरातल्या मुलास या एका वाक्याने कागदोपत्री मिळाले. कागदोपत्री एवढ्याचसाठी म्हणतो की, त्या मुलास जमीनही द्यावयाची की नाही, यावर पुढे पाव शतक वाद चालला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मुलाच्या बाजूने कौल दिला. लवादाच्या त्या वाक्यात सज्ञान मुलगी मात्र नव्हती. आमच्या घरच्या रोजमेळातही आजीच्या नावाची एक ओळ नाही.